नातीचा दिवा आणि पाण्याचा दिवस

बसा, बसा. चहा गाळतोच आहे. पण हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, नंतर गरम चहा नाकात जाईल आणि शोभा मलाच बोलंल. तसंही आजकाल या घरात काहीही बिघडलं की आधी माझ्याकडं बघतात. बाजारात एकट्यानं जायचं माझं लायसनच रद्द झालंय म्हणा ना! का झालं विचारता? अहो, असला घोळ घालून ठेवलाय मी, की इमारतीतली बारकी पोरंसुद्धा मला जिन्यात बघितलं की तोंडावर हात ठेवतात.

तर मी भालेराव. वाळूजच्या एका कंपनीत जन्मभर क्वालिटीला होतो. क्वालिटीचं काम काय, तर दुसऱ्यानं राबून केलेला पीस हातात घ्यायचा, त्याला व्हर्नियर, म्हणजे जाडी मोजायची पट्टी, लावायचा, नाक मुरडायचं आणि म्हणायचं, "रिजेक्ट!" माझ्यापुढं ऑपरेटर चळचळा कापायचे. म्हणजे, मला आपलं तसं वाटायचं. रिटायर झालो तरी व्हर्नियर काही सुटला नाय. एकदा पोळीची जाडी मोजली. शोभानं, म्हणजे आमच्या मिसेसनं, नुसतं लाटणं वर केलं. तेव्हापासून पोळी सोडून बाकी सगळं मोजतो.

आमची एकुलती एक पोरगी प्रज्ञा. बाळंतपणाला माहेरी आली आणि आम्हाला नात झाली. काय सांगू, एवढंसं नाक, एवढ्याशा मुठी! पण आवाज? आवाज थेट एसटीच्या हॉर्नचा. रात्री दूध पाजायला ट्यूबलाईट लावली रे लावली, की बाईसाहेब डोळे मिटून असा सूर लावायच्या, की खालच्या मजल्यावरचे लोकसुद्धा उठून बसायचे.

प्रज्ञा म्हणाली, "पप्पा, एखादा बारका दिवा बघा ना. डोळ्यावर न येणारा."

मी छाती पुढं काढली. म्हणलं, "बघायचा काय? बनवतो!"

शोभा आतून म्हणाली, "नको गं बाई."

पण मी ऐकतोय व्हय! माळ्यावर एक टेबल लॅम्प पडला होता. रिटायरमेंटला कंपनीनं दिलेला. पितळी खांब, जड बूड, एकदम ऐटबाज. शेड तेवढी उंदरांनी खाल्ली होती, नुसता तारेचा सांगाडा राहिला होता. माझ्या आईचं एक सुती लुगडं होतं, धुऊन धुऊन सायीसारखं मऊ झालेलं. त्यातल्या अर्ध्याची बाळाला दुपटी झाली होती. उरलेल्या अर्ध्याची शोभानं त्या सांगाड्यावर शेड शिवली. कुरकुर करत शिवली, पण अशी शिवली की माझ्या व्हर्नियरला बोलायला जागा नाय. माझ्या आईच्या लुगड्यातून गाळलेला उजेड माझ्या नातीच्या तोंडावर पडणार! खरं सांगतो, डोळे भरून आले माझे. आईनं नात बघितली होती, नातीची लेक बघायची राहून गेली.

आता राहिली फक्त फिटिंग. आणि फिटिंग म्हणजे माझा प्रांत! नीट ऐका, कारण पुढचा सगळा सत्यानाश इथंच आहे. बल्बच्या होल्डरवरून तारेची एक कमान वर जाते. कमानीच्या डोक्यावर एक बारकी खुंटी असते, आटे पाडलेली. त्या खुंटीत शेड अडकवायची आणि वरून एक शोभेचं बोंड फिरवून आवळायचं. झालं. माझ्या दिव्याचं बोंडच हरवलेलं होतं. म्हणून शनिवारी सकाळी शहागंजात जायचं ठरवलं. रविवारी बारसं होतं. भन्तेजी येणार, व्याही-विहीण येणार, लासूर स्टेशनचे पाहुणे येणार, आणि त्या सगळ्यांच्या देखत मी माझ्या हातचा दिवा लावणार!

आता त्या शनिवारी आणखी एक गोष्ट होती. पाण्याचा दिवस.

आमच्या संभाजीनगरात पाण्याचा दिवस काय असतो ते तुम्हाला सांगायची गरज नाय. आठवड्यानं एकदा नळ येतो. मुहूर्त चुकला तर चुकला, पण नळ चुकवून चालत नाय. बारसंसुद्धा आम्ही नळ बघून ठरवलं होतं. शनिवारी पाणी भरायचं, रविवारी पन्नास पानं उठवायची.

आमच्या इमारतीखाली सगळ्यांचा मिळून एक हौद आहे. त्याच्या लाईनीवर वॉल आहे, म्हणजे पाणी चालू-बंद करायची मोठी तोटी. तो एका अरुंद खड्ड्यात आहे. हात जातो, पण पक्कड-पाना आत फिरत नाय. त्या वॉलची मूठ दोनदा चोरीला गेली. तेव्हा मी मीटिंग बोलावली. मी पाणी समितीचा अध्यक्ष! कुणी केलं? मीच केलं. उभा राहिलो आणि खणखणीत भाषण दिलं. "आजपासून मूठ खड्ड्यात ठेवायची नाही! पाणी भरून झालं की काढायची आणि ज्याची पुढची पाळी, त्याच्या घरात ठेवायची. आणि ज्याच्या हातून मूठ हरवेल, त्यानं इथून पुढं सगळ्यांच्या पाळ्या एकट्यानं भरायच्या!" टाळ्या पडल्या हो! नवी पितळी मूठ करून घेतली आणि पाळ्यांचा तक्ता मी स्वतः स्केलपट्टीनं आखून जिन्यात लावला.

तेवढ्यात खालच्या मजल्यावरचे गाडेकर उठले. फुलंब्रीकडचा गडी, एसटीत कंडक्टर होते. म्हणाले, "साहेब, नियम एक नंबर हाय. पण तुमच्या पाळीला दरवेळी वहिनीच खाली येत्यात. तुम्ही काय कधी दिसत नाय?"

लोक हसले. मला असा राग आला म्हणता! मी म्हणलं, "मी नियोजन बघतो." आणि त्या दिवसापासून गाडेकरांशी आपलं बोलणं 'नमस्कार' आणि 'हं' एवढ्यावरच.

त्या शनिवारी पाळी आमची होती.

मी सकाळीच कपडे करून तयार. टेबलावर दिव्याचे सुटे भाग पडले होते. बुडासकट खांब, होल्डर, कमान, वायसर, दोन-चार स्क्रू. आणि त्यात एक पितळी वस्तू! लिंबाएवढी गोल, अंगावर पाकळ्या कोरलेल्या, अशी झळकत होती की बघत राहावं. मी हरखलोच. म्हणलं, अरे, बोंड तर इथंच आहे! शोभानं माळ्यावर शोधून, चिंचेनं घासून ठेवलेलं दिसतंय. गुणाची गं बाई माझी! आता शहागंजात नुसतं नीट बसवून घ्यायचं राहिलं! सगळं पिशवीत लोटलं, शेड काखेत मारली, व्हर्नियर खिशात टाकला आणि निघालो.

शोभा मोरीतून ओरडली, "अहो, आज नळ हाय! दुपारच्या आत या!"

"तू आहेस ना!" म्हणलं आणि रिक्षात बसलो.

शहागंजात घड्याळाच्या टॉवरपुढं रऊफचाचांचं हार्डवेअरचं दुकान. चाचांची आणि माझी जुनी ओळख. सगळा माल गल्ल्यावर मांडला. चाचांनी चष्मा वर केला, कमानीची खुंटी बघितली आणि डब्यातून एक बारका नट काढून तिच्यावर फिरवला. गर्रकन बसला.

"लो साब. ये नट लगा लो, हो गया काम. चाय पियो और घर जाव."

अहो, तेव्हाच घरी आलो असतो तर आज अध्यक्ष असतो!

मी म्हणलं, "नक्को चाचा! नातीचा दिवा है. उसका असली बोंड है मेरे पास." आणि ती पितळी वस्तू त्यांच्या हातावर ठेवली.

चाचांनी ती खुंटीवर बसवून बघितली. बसेना. उलटी करून बघितली. "साब, इसका तो छेद चौकोन है. और खुंटी गोल. और छेद भी कित्ता बडा! ये इसका कैसा होंगा?"

आता शहाण्या माणसानं इथं थांबायचं की नाय? चौकोनी भोक, गोल खुंटी! पण मी क्वालिटीचा माणूस. दोन पीस एकमेकांत बसत नसले, तर एक पीस रिजेक्ट करायचा. आणि कुठला करायचा हे मी ठरवायचं. व्हर्नियर काढला. भोक मोजलं, खुंटी मोजली, पुन्हा भोक मोजलं. दुकानात चार गिऱ्हाइकं होती, तीसुद्धा वाकून बघायला लागली. मी मान हलवली आणि निकाल दिला, "बोंड बरोबर है चाचा. खुंटी रिजेक्ट!"

"पण साब..."

"अहो चाचा, चौकोनी भोक आजकाल बनवतंय कोण? जुनी चीज आहे ही! बघा, पाकळ्या बघा!"

आता मी एवढ्या ठसक्यात बोलल्यावर चाचा तरी काय करणार? त्यांनी ती पुन्हा हातात घेतली, उजेडात धरली. "हौ साब, काम तो बारीक है. निजाम के जमाने का माल दिखता."

शेजारी खिळे घ्यायला आलेला एक माणूस म्हणाला, "हवेलीतल्या झुंबराचं असंल."

दुसरा म्हणाला, "माझ्या चुलत सासऱ्याकडं असंच एक होतं. लई पैसे आले त्याचे."

बघता बघता ती वस्तू दुकानभर हातोहात फिरली. कुणी वास घेतला, कुणी नखानं टिचकी मारून आवाज ऐकला. मी मधोमध उभा, नवाबाच्या खानदानातला असल्यासारखा! म्हणलं फोटो काढून प्रज्ञाला पाठवावा. मग म्हणलं नको, सरप्राईज देऊ. तेवढा एक फोटो पाठवला असता तर वाचलो असतो हो. पण नाय. सरप्राईज!

तेवढ्यात फोन वाजला. शोभा.

"अहो, मूठ बघितली का?"

"कसली मूठ?"

"नळाची! पाणी आलंय, सगळे खाली जमलेत. मी सकाळी विसरू नये म्हणून काढून टेबलावर ठेवली होती."

"मला काय माहीत? मी कशाला हात लावतोय तुझ्या मुठीला? नीट बघ टेबलाखाली!"

आणि हे बोलताना मूठ माझ्या डाव्या हातात. अंगठ्यानं पाकळ्या कुरवाळत होतो मी!

आता तुम्ही म्हणाल, भालेराव, तुम्हीच ती मूठ करून घेतली आणि तुम्हालाच ओळखू नये? तर खरं सांगू का? करून आणली शोभानं. ठेवली शोभानं, लावली शोभानं. मी नियम केला होता. मूठ मी जन्मात कधी बघितलीच नव्हती. वॉल कुठल्या बाजूला फिरतो तेही मला माहीत नव्हतं.

पण डोकं मात्र तडकलं. चोरी! माझ्या पाळीला! माझ्या नातीच्या बारशाच्या आदल्या दिवशी! मला तर लगेच गाडेकर दिसायला लागले. चाचांच्या स्टुलावर बसलो, मूठ मांडीवर ठेवली आणि इमारतीच्या ग्रुपवर मेसेज टाकला. पाठच आहे, ऐका:

"सर्व सभासदांस कळविण्यात येते की, इमारतीची पितळी मूठ चोरीस गेली आहे. चोर बाहेरचा नाही. चोर आपल्यातलाच आहे. ज्यांना पाळीवरून पोटदुखी होती, त्यांनी आधी आपली घरे तपासावीत. चोर सापडेपर्यंत मी स्वस्थ बसणार नाही. आपला, भालेराव, अध्यक्ष, पाणी समिती."

चाचांना वाचून दाखवला. चाचा म्हणाले, "बराबर लिख्या साब. कैसे कैसे लोगां रहते!"

गाडेकरांचा मेसेज आला. "साहेब लवकर या. पाणी चालू हाय. काही तरी करू."

मी उत्तर दिलं, "मी महत्त्वाच्या कामात आहे."

आणि काम काय, तर लेथवाला, म्हणजे मशीनवर लोखंड-पितळ कातून देणारा! चाचांनी मागच्या गल्लीतल्या बाळू मिस्त्रीकडं पाठवलं. मी त्याला सांगितलं, खालून या खुंटीवर फिरंल आणि वरून या चौकोनी भोकात बसंल असा पितळी तुकडा कर. आणि भोकात असा ठोकून बसव, असा ठोकून बसव, की जन्मात निघता कामा नये.

बाळू म्हणाला, "काढायची वेळ आली तर?"

"कशाला येईल? नातीचा दिवा आहे. तिच्या नातीपर्यंत टिकला पाहिजे!"

"तुम्ही म्हणता तसं," बाळू म्हणाला आणि मशीन चालू केलं. काम असं केलं पठ्ठ्यानं की तोड नाय. तुकडा गरम केला, ठोकला, सगळं खुंटीवर फिरवून आवळलं आणि तिथंही ठोकून पक्कं केलं, की फिरवूनसुद्धा सुटू नये. मी दोन्ही पायांत दिवा धरून, दात-ओठ खाऊन बोंड ओढून बघितलं. हललं नाय! मी म्हणलं, "पास!" आयुष्यात पहिल्यांदा एका झटक्यात पास म्हणालो असेन.

परत येताना रिक्षात दिवा मांडीवर उभा धरला होता. लुगड्याची शेड, डोक्यावर पितळी बोंड, ऊन पडून असं चमकत होतं! सिग्नलला शेजारचा स्कूटरवाला म्हणाला, "मस्त पीस हाय काका." मी नुसती मान हलवली. मोठ्या लोकांनी फार बोलायचं नसतं.

इमारतीपाशी उतरलो तर खाली जत्रा. बादल्या, घागरी, पिंपं. आणि खड्ड्यापाशी गाडेकर पालथे पडलेले. खांद्यापर्यंत हात आत. नुसत्या बोटांनी आणि एका फडक्यानं वॉलची चौकोनी दांडी फिरवायला बघत होते. तळहात सोलून निघाला होता. एवढ्या धडपडीनं हौदात करंगळीएवढी धार सुरू झाली होती.

मला वाटलं, वा रे वा, नाटक बघा! म्हणलं, आधी दिवा दाखवावा, मग चोराकडं बघू.

"शोभा! बघ, काय आणलंय!"

शोभा वळली. आधी शेडकडं बघितलं तिनं, आणि चेहरा जरा सैल झाला. मग नजर वर गेली. तिथंच थांबली.

"अहो... हे वर काय हाय?"

"बोंड! निजामाच्या जमान्यातलं! शहागंजात सगळे बघत राहिले."

"कुठनं आणलं?"

"आणतोय कुठनं? आपल्याच टेबलावर होतं की!"

वरच्या मजल्यावर नात रडत होती, ती नेमकी त्याच वेळी गप झाली. गाडेकरांनी खड्ड्यातून मान वर काढली. तोंडाला सगळा चिखल. दिव्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"साहेब," ते म्हणाले, "ती मूठ हाय."

मी म्हणलं, "शक्यच नाय." म्हणलं आणि त्याच क्षणी ते चौकोनी भोक माझ्या डोळ्यांपुढं उभं राहिलं. अहो, चोर आपल्यातलाच आहे असं लिहिलं होतं ना मी? किती खरं लिहिलं होतं!

"काढा लवकर! पाणी जायच्या आत काढा!" शोभा ओरडली.

मग सुरू झालं बघा. मी दिवा धरला, वरच्या मजल्यावरच्या जोशींनी मूठ धरली. ओढाओढ. नाय! गाडेकरांनी सोललेल्या हातानं पक्कड लावली. नाय! कुणी गरम पाणी आणा म्हणालं, पण पाणी आणायचं कुठनं? कुणी गोडेतेल आणलं. तेलानं पकड आणखीनच निसटायला लागली. शेवटी गाडेकर घाम पुसत म्हणाले, "साहेब, तुमचा लेथवाला लई चांगला हाय हो."

आणि पाइपात खर्र खर्र झालं. दोन उचक्या. नळ गेला.

मला चार शिव्या दिल्या असत्या तरी बरं झालं असतं. एकेकानं आपापली रिकामी घागर उचलली आणि जिना चढला. मी दिवा पोटाशी धरून वर आलो आणि खुर्चीत बसलो. शोभा फक्त एवढंच म्हणाली, "उद्या पन्नास माणसं येणार. पोरीच्या सासरची माणसं. प्यायला तरी काय देऊ?" प्रज्ञा बाळाला घेऊन कोपऱ्यात. तिचं तोंड एवढंसं झालेलं. मला वाटलं, जमीन फाटावी. बारसं पुढं ढकलायचं, व्याह्यांना फोन करायचा आणि काय सांगायचं? की आजोबांनी नळ दिव्यावर बसवला?

तेवढ्यात दारात घागर वाजली.

गाडेकर. डाव्या हाताला रुमाल बांधलेला, उजव्या खांद्यावर भरलेली घागर. मागं त्यांच्या मिसेस, त्यांच्या कमरेवर कळशी.

"वहिनी, बारशाचं पाणी कुठं ओतू?"

मी उठलो. "गाडेकर," म्हणलं, "तुमच्याकडं तरी कुठं उरलंय? आणि तो मेसेज..."

"मेसेज व्हय?" गाडेकर पिंपात पाणी ओतत म्हणाले. "वाचला की. अक्षर न् अक्षर बरोबर हाय. शुद्धलेखन लई चांगलं हाय तुमचं."

मला हसू का रडू कळेना. मी त्यांचा रुमाल बांधलेला हात धरला आणि धरूनच ठेवला. ते म्हणाले, "सोडा साहेब, हुळहुळतंय."

आणि मग लाईनच लागली हो! जोशीकाकू टाकीतलं उरलंसुरलं पाणी घेऊन आल्या. समोरच्या शेखभाभींनी प्यायच्या पाण्याचा माठच आणून ठेवला. ज्यांच्या घरात दुसऱ्या दिवशी अंघोळीची मारामार होणार होती, त्यांनीही बादली आणली. "आमचं काय, आम्ही चार दिवस नाय धुतलं तर चालतंय. पोरीचं बारसं हाय," असं प्रत्येकजण म्हणायचा आणि पाणी ओतून जायचा. पिंप भरलं, हंडे भरले, शेवटी कुकरसुद्धा भरून ठेवला शोभानं. मी दारात हात जोडून उभा. इतकी वर्षं मी पाण्याचं 'नियोजन' बघत होतो. पाणी काय असतं ते त्या दिवशी बघितलं.

रविवारी बारसं झालं. भन्तेजी आले, त्रिशरण-पंचशील झालं, पाहुणे जेवले, आणि जेवताना त्यांना कळलंसुद्धा नाय की ते एकाच इमारतीतल्या सगळ्या घरांचं पाणी प्यायले. नाव ठेवायच्या आधी मी उभा राहिलो. लोक खुर्चीत सरसावून बसले, आता अर्धा तास भाषण होणार म्हणून. मी म्हणलं, "मूठ मी नेली होती. पाणी तुम्ही दिलं. माझ्या नातीवर तुमचे उपकार आहेत, ते मी विसरणार नाय." आणि बसलो. शोभा म्हणते, माझं आजवरचं हेच एक बरं भाषण.

मग दिवा लावला. आईच्या लुगड्यातून असा साजूक तुपासारखा उजेड पडला! नातीनं डोळे किलकिले केले, दिव्याकडं बघितलं आणि चक्क गप बसली. प्रज्ञा म्हणाली, "पप्पा, छान झालाय." मागून गाडेकर म्हणाले, "छान न व्हायला काय झालं? इमारतीचा एक दिवसाचा नळ लागलाय त्याला!" सगळा हॉल हसला, व्याहीसुद्धा. मग त्यांना सगळं सांगावंच लागलं. व्याही म्हणाले, "आमच्याकडं आलात की कुठल्याच तोटीला हात लावू नका."

ती मूठ काही निघाली नाय. आजपण दिव्याच्या डोक्यावरच आहे. बघा, तो तिकडं. आता सांगा, निजामाच्या काळातली वाटते का नाय? वॉलला बाळू मिस्त्रीनं नवी मूठ करून दिली. आणि नियमाचं म्हणाल, तर नियम माझाच होता. ज्याच्या हातून मूठ हरवेल, त्यानं सगळ्यांच्या पाळ्या भरायच्या. लोक म्हणाले, जाऊ द्या साहेब. पण मी म्हणलं, नाय, तक्ता मी आखलाय. अध्यक्षपद तेवढं सोडलं. शोभानं मला वॉल कुठं फिरवायचा ते शिकवलं. डावीकडं. तुम्हाला माहीत होतं का?

तर आता दर पाण्याच्या दिवशी मी सकाळपासून खाली खड्ड्यापाशी उकिडवा बसलेला असतो. आणि दर पाण्याच्या दिवशी बरोबर तेव्हाच फोन वाजतो. गाडेकरांनी माझाच मेसेज मला परत पाठवलेला असतो, सगळाच्या सगळा, "आपला, भालेराव, अध्यक्ष" सकट. आणि खाली विचारलेलं असतं, "साहेब, चोर सापडला का?"

मी ओल्या हातानं लिहितो, "सापडला. वॉलपाशी बसलाय. चहा पाठवा."

आणि तुम्हाला सांगतो, चहा येतो. दरवेळी येतो.